हिशेबाची वही कोणाच्या हाती?

अंदाजपत्रक हा विषय आपल्या चळवळीत अजून घरचा झालेला नाही. अत्याचार, आरक्षण, शिष्यवृत्ती, जमीन यांवर आपण सभा घेतो, मोर्चे काढतो. पण ज्या आकड्यांवर यातले बरेचसे अवलंबून असते ते आकडे मांडतो कोण, तपासतो कोण आणि त्यांबद्दल सरकारला सल्ला देतो कोण, हे आपण सहसा विचारत नाही. ते तज्ज्ञांचे काम, असे धरून चालतो. त्यातून संरक्षणखर्चाचा विषय निघाला की चांगले बोलके कार्यकर्तेही गप्प होतात. ही गप्प बसण्याची सवय आपल्याला परवडणारी नाही, एवढेच या लेखात सांगायचे आहे.

माझ्या लहानपणी आमच्या घरचे उधारीचे खाते गावातल्या एका दुकानात होते. आईवडिलांना अक्षरओळख नव्हती. दुकानदार वहीत लिही, तोच वाचून दाखवी आणि बाकी किती तेही तोच सांगे. मी चौथीत गेल्यावर वडिलांनी मला बरोबर नेले आणि वही मागितली. मी बेरीज करून पाहिली. ती बरोबर होती. पण जे तेल आम्ही एकदाच नेले होते ते वहीत दोनदा मांडले होते. पुढे अर्थशास्त्र शिकलो, आता ते शिकवतो. पण हिशेबतपासणीचा पहिला धडा मला त्या दुकानात मिळाला. बेरीज तपासणे वेगळे आणि नोंद तपासणे वेगळे. आणि नोंद तपासायची तर वही दुसऱ्या कोणाच्या तरी हातात यावी लागते.

सरकारी खर्चावर सल्ला देणाऱ्यांत मुख्यतः दोन प्रकारचे लोक असतात. हिशेबतपासनीस पाहतो की मंजूर झालेला पैसा मंजूर कामावरच गेला की नाही, पावती आहे की नाही, माल कोठारात पोचला की नाही. अर्थतज्ज्ञ त्यापुढचे विचारतो : हेच काम कमी पैशात झाले असते काय, आणि याच पैशात याहून अधिक गरजेचे दुसरे काही झाले असते काय? विमानाची किंमत म्हणजे फक्त खरेदीची किंमत नव्हे. वैमानिकांचे शिक्षण, सुटे भाग, इंधन, दुरुस्ती असा वीस-तीस वर्षांचा खर्च त्याच्या शेपटाला बांधलेला असतो. तो आधी मोजून दाखवणे हे अर्थतज्ज्ञाचे काम.

संरक्षणाच्या बाबतीत हे काम अधिक अवघड होते, त्याला कारणे आहेत. भाजी घेताना चार ठिकाणी भाव विचारता येतो. लढाऊ विमानाला गिऱ्हाईक एकच, ते म्हणजे सरकार, विकणारेही एक-दोनच. बाजारभाव असा नसतोच. मग किंमत ठरते ती कारखानदाराने दाखवलेल्या खर्चावर. झालेला खर्च अधिक त्यावर टक्केवारीने नफा, असे करार अमेरिकेत पहिल्या महायुद्धात झाले. जितका खर्च वाढेल तितका नफा वाढेल, हे लक्षात आल्यावर पुढे तिथे असे करार कायद्याने बंद झाले. पण मागच्या खर्चावरून पुढची किंमत ठरवण्याची रीत राहिली. म्हणजे मागची उधळपट्टी हाच पुढचा दर. वर गुप्ततेचे पांघरूण.

या कामाची सर्वांत मोठी प्रयोगशाळा अमेरिका. रॉबर्ट मॅक्नमारा हे १९६१ ते १९६८ या काळात तिथले संरक्षणमंत्री होते. त्यापूर्वी त्यांनी हार्वर्डमध्ये हिशेबशास्त्र शिकवले होते, दुसऱ्या महायुद्धात हवाई दलाच्या आकडेवारीचे काम केले होते आणि फोर्ड मोटार कंपनीचे अध्यक्षपद भूषवले होते. त्यांनी रँड या सल्लागार संस्थेतले अर्थतज्ज्ञ चार्ल्स हिच यांना खात्याचा जमाखर्च पाहायला आणले. तोवर भूदल, नौदल आणि हवाई दल आपापल्या मागण्या वेगवेगळ्या मांडत. या मंडळींनी विचारले : दलाचे नाव राहू द्या, हे कशासाठी हवे ते सांगा. एकाच कामासाठी दोन दले दोन शस्त्रे मागत असतील तर त्यांची तुलना करा. खर्च एका वर्षाचा नको, पाच वर्षांचा दाखवा. १९६५ साली अध्यक्ष जॉन्सन यांनी हीच पद्धत इतर सरकारी खात्यांनाही लावली.

या पद्धतीत चांगले पुष्कळ होते आणि ते नाकारण्याचे कारण नाही. पण त्याच मॅक्नमारांच्या खात्याने व्हिएतनाममध्ये युद्धाची प्रगती मृतदेह मोजून ठरवली. आकडे वर जात होते म्हणून युद्ध जिंकले जात आहे, असा हिशेब मांडला गेला. हे युद्ध करावे की नाही, हा प्रश्न त्या तक्त्यात कुठेच नव्हता. सल्लागाराला जो प्रश्न दिला जातो त्याचे तो उत्तर देतो. जो प्रश्न दिलाच नाही तो कितीही हुशार सल्लागाराच्या हातून सुटत नाही.

आणि न दिलेला प्रश्न एखाद्याने विचारलाच तर काय होते? अर्नेस्ट फिट्झगेराल्ड या माणसाचे उदाहरण आपल्या प्रत्येक कार्यकर्त्याला माहीत असावे. हे खर्चाच्या विश्लेषणातले जाणकार. स्वतःचा सल्लागारीचा व्यवसाय सोडून १९६५ साली ते अमेरिकन हवाई दलाच्या नोकरीत आले. त्यांचे म्हणणे साधे होते : वस्तूला किती खर्च आला हे विचारू नका, नीट काम केले असते तर किती यायला हवा होता हे विचारा. नोव्हेंबर १९६८ मध्ये सिनेटर प्रॉक्स्मायर यांच्या समितीपुढे त्यांची साक्ष झाली. लॉकहीड कंपनीच्या सी-५ए या मालवाहू विमानाचा खर्च सुमारे दोन अब्ज डॉलरांनी वाढण्याची शक्यता आहे, हे त्यांनी लपवले नाही. पुढल्या वर्षी त्यांचे पदच रद्द झाले. कारण देण्यात आले, काटकसर आणि कार्यक्षमता! खर्चातली उधळपट्टी दाखवणाऱ्याला काटकसरीच्या नावाने घरी पाठवले. ते लढत राहिले. १९७३ मध्ये त्यांना परत घेण्याचा हुकूम झाला. अध्यक्ष निक्सन यांच्यावर त्यांनी लावलेला नुकसानभरपाईचा दावा मात्र १९८२ साली सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी फेटाळला. पदावरून केलेल्या कृतीबद्दल अध्यक्षावर असा दावा चालत नाही, असा तो निकाल.

अमेरिकेच्या संरक्षण खात्याची पहिली संपूर्ण हिशेबतपासणी २०१८ साली झाली. बाहेरच्या हिशेबतपासनीसांचा ताफा बसला आणि निष्कर्ष निघाला की नोंदीच अशा आहेत की हिशेब बरोबर की चूक यावर मत देता येत नाही. २०२४ पर्यंत लागोपाठ सात वर्षे हेच झाले. जगातला सर्वांत मोठा लष्करी खर्च, आणि वही जुळत नाही.

आता दुसरी बाजू. बाहेरचा सल्लागार म्हणजे निःपक्षपाती, असे मानण्याकडे सरकारांचा कल असतो. ऑस्ट्रेलियात पीडब्ल्यूसी या बड्या हिशेबतपासनीस कंपनीचा एक भागीदार बहुराष्ट्रीय कंपन्यांची करचुकवेगिरी रोखणाऱ्या कायद्यावर सरकारला सल्ला देत होता. गुप्ततेची लेखी हमी दिलेली असताना त्याने ती माहिती सहकाऱ्यांना पुरवली आणि कर टाळू पाहणाऱ्या कंपन्यांना गिऱ्हाईक करण्यासाठी ती वापरली गेली. २०२३ साली हे उघड झाल्यावर कंपनीला सरकारी सल्लागारीचा धंदा अवघ्या एका डॉलरला विकावा लागला. कुंपण कसे घालायचे ते सांगणारा आणि कुंपणातून वाट दाखवणारा एकाच कचेरीत बसला होता.

या सगळ्यातून निघणारी गोष्ट बाबासाहेबांनी फार आधी ओळखली होती. बाबासाहेब आपल्याला घटनाकार म्हणून ठाऊक आहेत. पण ते आधी सरकारी जमाखर्चाचे अभ्यासक होते. ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेच्या उत्क्रांतीवरचा त्यांचा ग्रंथ १९२५ साली प्रसिद्ध झाला. ३० मे १९४९ रोजी घटना समितीत महालेखापरीक्षकाच्या कलमावर बोलताना त्यांनी या अधिकाऱ्याचे कर्तव्य न्यायसंस्थेच्या कर्तव्याहूनही महत्त्वाचे मानले. न्यायसंस्थेइतके स्वातंत्र्य त्याला मसुद्यात दिलेले नाही, स्वतःचे नोकर नेमण्याचा अधिकारही नाही, याबद्दल खंत व्यक्त केली. तपासणारा ज्याचा हिशेब तपासतो त्याच्याच मर्जीवर राहू नये, हा त्यामागचा विचार. आणि १० ऑक्टोबर १९५१ च्या राजीनाम्याच्या निवेदनात त्यांनी आकडा मांडला : वर्षाला ३५० कोटींचे उत्पन्न, त्यातले सुमारे १८० कोटी लष्करावर. त्याचे कारण त्यांनी सेनापतींच्या मागण्यांत शोधले नाही, परराष्ट्रधोरणात शोधले. म्हणजे मॅक्नमारांच्या तक्त्यात जो प्रश्न नव्हता तोच बाबासाहेबांनी दहा वर्षे आधी विचारला होता.

संरक्षणाचा हिशेब विचारणे हा देशद्रोह, असे कोणी म्हणेल. त्याला आपले उत्तर सरळ आहे. लष्कर आपल्याला परके नाही. महारांची भरती बंद झाली तेव्हा १८९४ साली ती पुन्हा सुरू व्हावी म्हणून अर्ज लिहिणारे गोपाळबाबा वलंगकर स्वतः निवृत्त सैनिक होते. बाबासाहेबांचे वडील सुभेदार होते. १९४१ साली महार रेजिमेंट उभी राहिली. खंदकात आपली मुले उभी असतात, तेव्हा त्यांचे बूट, त्यांची बंदूक आणि त्यांच्या विधवेची पेन्शन योग्य दराने आणि वेळेवर येते की नाही, हे विचारण्याचा पहिला हक्क आपला आहे.

आणि जो हिशेब केवळ आपल्याच नावाने मांडला जातो त्याचे काय? अनुसूचित जातींसाठीची विशेष घटक योजना १९७९-८० च्या सुमारास सुरू झाली. अंदाजपत्रकात तिच्या तरतुदींना ७८९ हे उपशीर्ष आहे. दिल्लीत २०१० साली राष्ट्रकुल स्पर्धा झाल्या, तेव्हा या निधीतले ६०० कोटींहून अधिक रुपये स्पर्धांच्या कामांकडे वळवल्याचे उघड झाले आणि केंद्रीय गृहमंत्र्यांना राज्यसभेत ते मान्य करावे लागले. हे कोणा बड्या सल्लागाराने शोधले नाही. माहितीच्या अधिकाराखाली कागद मागवून, शीर्षे जुळवून, चळवळीतल्या लोकांनी शोधले. कागदावर बेरीज बरोबरच होती. नोंद खोटी होती.

म्हणून प्राध्यापक मित्रांना आणि विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे. आपल्या मुलांनी वाणिज्य आणि अर्थशास्त्र नोकरीसाठी जरूर शिकावे, सनदी हिशेबतपासनीस व्हावे, सल्लागारही व्हावे. पण प्रत्येक जिल्ह्यात वर्षातून एकदा अंदाजपत्रक आणि महालेखापरीक्षकांचा अहवाल घेऊन चार माणसांनी बसावे, आणि तीन प्रश्न विचारावेत : हा आकडा कोणी लिहिला, त्याला पगार कोण देतो, आणि कोणता प्रश्न त्याला विचारलाच गेला नाही? वडिलांना बेरीज येत नव्हती, पण वही मागायला ते कचरले नाहीत. आपल्याला तर बेरीजही येते.