झाकणामागच्या तारखा

वडिलांच्या एचएमटी जनता घड्याळाचं मागचं झाकण मी आतून कधी पाहिलं नव्हतं. गेल्या वर्षी आमच्या पेठेतल्या घड्याळजींनी ते पात्याच्या टोकाने अलगद उघडलं, डोळ्याला भिंग लावून निरखलं आणि माझ्यापुढे धरलं. आतल्या चकचकीत पत्र्यावर सुईने ओरखडल्यासारखे बारीक आकडे होते. ६-७२, २-७७, ११-८१, ४-८८. घड्याळ सर्व्हिसिंगला आलं की कारागीर आतल्या बाजूला तारीख अशी कोरून ठेवतो. पुढच्या कारागिराला त्यावरून कळतं की तेल किती जुनं आहे. चार तारखा, चार वेगवेगळी हस्ताक्षरं. ८८नंतर पत्रा कोरा.

या घड्याळाची गोष्ट १९६१ साली सुरू होते. बंगळूरच्या हिंदुस्थान मशीन टूल्सने जपानच्या सिटिझन कंपनीशी करार करून मनगटी घड्याळं बनवायला घेतली आणि पहिली घड्याळं पंडित नेहरूंच्या हस्ते बाहेर पडली. तोवर मनगटी घड्याळ म्हणजे स्विस, आणि पुष्कळदा चोरट्या मार्गाने आलेलं. एकच वेळ सगळ्यांनी पाळायची, ही सवयही तेव्हा फार जुनी नव्हती. १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ होती, पण मुंबईची स्वतःची वेळ तिच्या ३९ मिनिटं मागे चालायची आणि ती सुटायला १९५५ साल उजाडावं लागलं. माझे आजोबा मुंबईला जाऊन आले की सांगत, तिथे आधी विचारावं लागतं, ‘कुठला टाइम?’

वडिलांनी घड्याळ घेतलं १९६८ मध्ये. ते प्राथमिक शाळेत शिक्षक होते. मागणी इतकी की नाव नोंदवून थांबावं लागलं, आणि एका ओळखीच्या गृहस्थांनी मध्यस्थी केल्यावर ते हाती आलं. पांढरी तबकडी, सडपातळ काटे, सतरा ज्वेलचं मशीन. शाळेची घंटा म्हणजे जांभळीला टांगलेला रुळाचा तुकडा. वडील मनगटाकडे बघून मान हलवत आणि शिपाई हातोडा घाली. त्या टोल्यावर बायका भाकऱ्या बांधत, माणसं रानात निघत, एसटी चुकली की सापडणार याचा अंदाज बांधत. एका मनगटावरचं घड्याळ अख्ख्या गावाचं होतं. लग्नात गुरुजी तांब्याचं घटिकापात्र पाण्यात सोडत. तळाच्या छिद्रातून पाणी शिरत ते भांडं २४ मिनिटांनी बुडतं, म्हणजे घटका भरते. आमच्याकडे त्याच्या शेजारी वडिलांचं घड्याळही काढून ठेवलेलं असायचं. दोन्ही जुळली की गुरुजींना समाधान वाटे.

आणि ते घड्याळ चालायचं ते वडिलांच्या हाताने. सकाळी अंघोळ झाली की ते घड्याळ हातात घेत, मनगटावर असताना कधीच नाही, कारण तसं केल्याने चावीच्या दांडीवर तिरका ताण येतो. अंगठा आणि तर्जनीत चावी धरून सावकाश फिरवायची. करकर आवाज घट्ट होत जातो. दाटलं की थांबायचं, पुढे अर्धा फेरासुद्धा नाही. आत गुंडाळलेली कमान दिवसभर उलगडत राहते आणि केसासारख्या बारीक बालकमानीवरचं चक्र सेकंदाला पाच ठोके देतं. मग रेडिओ. बातम्यांआधीचे टूं टूं ठोके सुरू झाले की घरात कुणी बोलायचं नाही. या मशीनचा सेकंदकाटा चावी ओढली तरी थांबत नाही, त्यामुळे शेवटच्या ठोक्यावर मिनिटकाटा नेमका रेघेवर आणणं हे कसब होतं. वडिलांना ते साधे. एखाद्या दिवशी घड्याळ दोन मिनिटं पुढे गेलेलं निघालं तर ते दिवसभर अस्वस्थ असत, कारण काल शाळा दोन मिनिटं आधी सुटली होती.

मला वाटतं, ‘वेळ पाळणे’ या शब्दांतल्या ‘पाळणे’चा अर्थ मला त्या रेडिओसमोर कळला. गाय पाळावी तशी वेळ पाळली जात होती. रोज काहीतरी घालावं लागे, रोज तपासावी लागे.

तिसऱ्या तारखेच्या, म्हणजे १९८१च्या, सुमारास हवा बदलू लागली होती. सेकोने १९६९च्या नाताळात तोकियोत पहिलं क्वार्ट्‌झ मनगटी घड्याळ विकायला काढलं होतं. बॅटरीवर गारगोटीचा स्फटिक कंप पावतो, आजच्या घड्याळांत तो सेकंदाला ३२,७६८ वेळा, म्हणून पाच ठोक्यांचं चक्र त्याच्यापुढे टिकत नाही. भारतातही हे तंत्र एचएमटीनेच आणलं, पण तिचा जीव चावीच्या घड्याळांतच गुंतून राहिला. १९८४ मध्ये टाटा आणि तमिळनाडू सरकारच्या महामंडळाने टायटन उभी केली, होसूरला कारखाना निघाला आणि क्वार्ट्‌झ घड्याळ दागिन्यासारखं शोकेसमध्ये आलं. वडील १९८९ला निवृत्त झाले, तेव्हा शाळेने त्यांना क्वार्ट्‌झच दिलं. चार तारखांनंतर पत्रा कोरा का, याचं उत्तर एवढंच.

जानेवारी २०१६ मध्ये केंद्र सरकारने एचएमटीचा घड्याळांचा कारभार बंद करायचं ठरवलं आणि ज्यांनी वर्षानुवर्षं एचएमटी घातलं नव्हतं ते दुकानांत धावले. जनता, पायलट, कोहिनूर, सोना ही नावं तरुण पोरांच्या तोंडी आली. पायलटच्या काळ्या तबकडीसाठी लोक गावोगावच्या घड्याळजींचे जुने डबे धुंडाळू लागले. जुन्या मशीनवर नवी भडक तबकडी चढवून विकायची घड्याळंही पुष्कळ आली. हौशी मंडळी त्यांना ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात आणि बहुतेक जण नाकं मुरडतात. मी मुरडत नाही. जांभळी तबकडी बंगळूरच्या कारखान्यात कधीच झाली नव्हती हे खरं, पण आतलं मशीन तिथलंच आहे आणि ते भंगारात न जाता कुणाच्या तरी हातावर चालतंय. मात्र विकणाऱ्याने तसं स्पष्ट सांगावं.

घड्याळजींनी तेल घातलं. वाळून गेलेल्या तेलाचे पिवळे डाग ब्रशने काढले, चक्र बोटाच्या टोकाने किंचित ढकललं. ते डुललं, क्षणभर अडखळलं आणि चालू लागलं. मग त्यांनी झाकण पालथं करून सुई उचलली आणि ४-८८च्या खाली, पाचव्या ओळीत, आजची तारीख कोरायला घेतली.