भाड्याचे घर : आधी गळती, मग रंग

भाडेकरू गेला, की घरमालकाला पहिली आठवण होते ती रंगाऱ्याची. पण न्हाणीघराची गळती तशीच ठेवून भिंत रंगवली, तर पहिल्याच पावसाळ्यात तिचे पोपडे निघतात. म्हणून आधी नळ, सांडपाण्याचे पाइप, फरशीचे सांधे, वायरिंग. रंग सर्वांत शेवटी.

हिशेबही साधा आहे. 60 हजार खर्चून भाडे महिना 2 हजारांनी वाढले, तर पैसे वसूल व्हायला 30 महिने लागतात. लिव्ह अँड लायसन्सचा करार मात्र बहुधा 11 महिन्यांचा! प्राप्तिकरात पालिकेचा कर वजा जाता उरलेल्या भाड्यावर 30 टक्के वजावट मिळते. दुरुस्तीवर कितीही उधळले तरी तेवढीच. तेव्हा संगमरवराचा मोह आवरलेला बरा. कोरड्या भिंतींचे घर भाडेकरू सहजी सोडत नाही आणि मालकाला सर्वांत महाग पडते ते कुलूप लागलेले घर.