अणुकेंद्रकाची घनता मोजणारा इलेक्ट्रॉन

एक घन सेंटिमीटर पाण्याचं वस्तुमान एक ग्रॅम. तेवढ्याच जागेत निव्वळ अणुकेंद्रकातलं द्रव्य भरलं, तर ते २५ कोटी टनांहून अधिक भरेल. हे गणित मांडायचं तर अणुकेंद्रकाचा आकार नेमका कळायला हवा. तो इलेक्ट्रॉनमुळे कळला.

१९५०च्या दशकात अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात रॉबर्ट हॉफस्टॅटर यांनी धातूंच्या पातळ पत्र्यांवर वेगवान इलेक्ट्रॉनांचा झोत सोडला. इलेक्ट्रॉनच का? अणुकेंद्रकाला बांधून ठेवणारं तीव्र बल त्याला जाणवतच नाही. त्याच्यावर चालतं ते विद्युतचुंबकीय बल, आणि त्याचे नियम पक्के ठाऊक होते. शिवाय २० कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेला त्याची तरंगलांबी सुमारे ६ फेम्टोमीटर होते. मिलिमीटरचे दहा लाख भाग करून त्यातल्या एकाचे पुन्हा दहा लाख भाग केले, की होतो एक फेम्टोमीटर!

कोणत्या कोनात किती इलेक्ट्रॉन विखुरले, हे मोजण्यासाठी वापरलेला अवजड चुंबक नौदलाच्या तोफेच्या बैठकीवर बसवून फिरवला जाई. कोन वाढवत नेला की इलेक्ट्रॉनांची संख्या झपाट्याने घटते. पण त्या घसरणीत मधूनमधून चढउतार दिसतात. त्यांच्या जागांवरून विद्युतभार आत कसा पसरलाय ते काढता येतं. निष्कर्ष विलक्षण होता. जड अणुकेंद्रकांच्या आतल्या भागात घनता जवळपास सारखीच राहते आणि कडेच्या अडीच-एक फेम्टोमीटरमध्ये ओसरते. थेंब मोठा झाला म्हणून पाणी दाट होत नाही, तसंच हे. या संशोधनासाठी हॉफस्टॅटर १९६१च्या नोबेलचे मानकरी ठरले.

मात्र अशा मोजणीत दिसतो तो मुख्यतः प्रोटॉनांचा भार. शिशाच्या अणुकेंद्रकात ८२ प्रोटॉनांसोबत १२६ न्यूट्रॉन असतात, त्यांचं काय? व्हर्जिनियातल्या जेफरसन प्रयोगशाळेने त्यासाठी क्षीण बलाचा आधार घेतला, कारण ते मुख्यतः न्यूट्रॉनांची दखल घेतं. या बलामुळे डाव्या आणि उजव्या फिरकीचे इलेक्ट्रॉन विखुरण्यात दहा लाखांत एकाहूनही कमी फरक पडतो. तोच तिथे मोजला गेला. २०२१मध्ये जाहीर झालेल्या निकालानुसार शिशात न्यूट्रॉनांचा पसारा प्रोटॉनांपेक्षा सुमारे ०.२८ फेम्टोमीटरने मोठा आहे.

दुधावरच्या सायीसारख्या न्यूट्रॉनांच्या या बाहेरच्या थराची जाडी न्यूट्रॉनबहुल द्रव्य किती दाब पेलतं ते सांगते. त्याच दाबावर न्यूट्रॉन ताऱ्याची त्रिज्या अवलंबून असते. म्हणूनच शिशाच्या पत्र्यावरची ही मोजणी खगोलशास्त्रज्ञांनाही हवी असते.