लेक डब्लिनला निघाली : आयर्लंडची ओळख

जुन्या नाशकात आमच्या शेजारच्या घरातली मुलगी नर्सिंग शिकली, इंग्रजीची परीक्षा दिली, आयर्लंडच्या नर्सिंग बोर्डाची नोंदणी मिळवली आणि डब्लिनच्या एका रुग्णालयात रुजू व्हायला निघाली. घरात आनंद होता, धाकधूकही होती. तिच्या दादींनी मला बोलावून घेतले. "बेटा, ये आयर्लंड लंडन के बाजू में है क्या? वहाँ अपने लोग हैं?"

असे प्रश्न आज अनेक घरांत विचारले जातात. म्हणून दादींना जे सांगितले, तेच इथे थोडे सविस्तर मांडतो.

ब्रिटन वेगळे, आयर्लंड वेगळे

आयर्लंड हे ब्रिटनच्या पश्चिमेचे बेट. बेटाचा सुमारे पाच षष्ठांश भाग म्हणजे आयर्लंड प्रजासत्ताक. ईशान्येचा उत्तर आयर्लंड ब्रिटनकडे आहे. १९२२ पासून आयर्लंडचे राज्य स्वतंत्र चालते. नाणे युरो, व्हिसा वेगळा. लंडनच्या व्हिसावर डब्लिनला नोकरी करता येत नाही, हे एजंटच्या दारात जाण्यापूर्वी माहीत असावे.

दुसरी गोष्ट आकड्यांची. आयर्लंड आपल्या नाशिक जिल्ह्याच्या साडेचार पट मोठा आहे. पण २०११ मध्ये नाशिक जिल्ह्याची लोकसंख्या ६१ लाख होती आणि २०२२ मध्ये त्या संपूर्ण देशाची ५१ लाख! १८४१ साली याच भूभागात ६५ लाख माणसे राहत होती. मग ती गेली कुठे? हा देश समजून घ्यायचा तर इथूनच सुरुवात करावी लागते.

करप्याने केलेला घात

टोमॅटोवर उशिरा येणारा करपा आपल्या शेतकऱ्यांना चांगला ठाऊक आहे. पावसाळी, दमट हवेत दोन-चार दिवसांत उभे पीक काळे पडते. तोच रोग १८४५ मध्ये आयर्लंडच्या बटाट्यावर आला आणि पुढची काही वर्षे येत राहिला. तिथला गरीब कुळवाडी बटाट्यावरच जगत होता. जमीनदाराला खंड देण्यासाठी पिकवलेले धान्य आणि जनावरे मात्र दुष्काळातही जहाजांतून इंग्लंडला जात राहिली. सुमारे दहा लाख लोक भुकेने आणि साथींनी गेले. तितकेच किंवा त्याहून अधिक लोक देश सोडून गेले, बहुतेक अमेरिकेला.

हे सांगताना दादी म्हणाल्या, "मग ते आपल्यासारखेच की." त्यांचे माहेर मालेगावचे. १८५७ च्या धामधुमीनंतर आणि १८६२ च्या दुष्काळात उत्तरेकडचे मोमीन विणकर आपले माग आणि लेकरे घेऊन मालेगावला येऊन वसले. भाकरीसाठी गाव सोडणे म्हणजे काय, हे दादींना पुस्तकातून शिकवायची गरज नव्हती.

या दुष्काळात आयर्लंडला मदत दूरदूरहून आली. कोलकात्यात निधी जमला, त्यात तिथल्या आयरिश सैनिकांचा वाटा मोठा होता. अमेरिकेतील चॉक्टॉ आदिवासींनी, स्वतः हुसकावले गेलेले असताना, पैसे पाठवले. आणि उस्मानी सुलतान अब्दुल मजीद यांनी १८४७ मध्ये एक हजार पौंड दिले. त्याबद्दल आयरिश सरदारांनी लिहिलेले आभारपत्र इस्तंबूलच्या दफ्तरात जपलेले आहे.

याच प्रसंगावर व्हॉट्सॲपवर एक गोष्ट फिरते : सुलतानाची धान्याची जहाजे ड्रॉहेडा बंदरात आली, म्हणून त्या शहराच्या चिन्हात चाँद-तारा आहे. चिन्हातला चाँद-तारा खरा, पण तो दुष्काळाच्या कितीतरी शतके आधीचा आहे. सुलतानाचे दान कागदोपत्री सिद्ध आहे. त्याला कल्पित अलंकार चढवण्याची गरज नाही. ऐकलेले पारखून मगच पुढे सांगावे, ही आपल्याला शिकवणच आहे.

लिफीकाठचे शहर

नाशिक जसे गोदावरीच्या दोन्ही काठांवर, तसे डब्लिन लिफी नदीच्या दोन्ही काठांवर. नावाचा मूळ अर्थ 'काळा डोह'. नवव्या शतकात व्हायकिंग दर्यावर्दींनी इथे ठाणे वसवले. १५९२ मध्ये स्थापन झालेले ट्रिनिटी कॉलेज शहराच्या मध्यभागी आहे. याच कॉलेजात अवधचे मीर औलाद अली १८६१ पासून १८९८ पर्यंत अरबी आणि हिंदुस्तानी शिकवत होते. त्याआधी पाटण्याचे दीन मोहम्मद आयर्लंडच्या कॉर्क शहरात येऊन राहिले आणि १७९४ मध्ये तिथेच त्यांनी आपले प्रवासवर्णन छापले. हिंदी माणसाने इंग्रजीत लिहून छापलेले ते पहिले पुस्तक मानले जाते. म्हणजे आपली माणसे तिथे आजची नाहीत.

डब्लिन किल्ल्याच्या आवारातील चेस्टर बीटी संग्रहालय मुलीने सुटीच्या दिवशी जरूर पाहावे. प्रवेश मोफत आहे. बगदादचे थोर सुलेखनकार इब्न अल-बव्वाब यांनी हिजरी ३९१ मध्ये स्वहस्ते लिहिलेली कुरआनची प्रत या संग्रहात आहे. हजार वर्षांपूर्वीची ही अमानत आज लिफीकाठी सांभाळली जाते.

आपल्या राज्यघटनेतील मार्गदर्शक तत्त्वांची कल्पनाही आयर्लंडच्या १९३७ च्या घटनेवरून घेतलेली. आणि मराठी नाते हवे असेल तर लिओ वराडकर आहेतच. वडील मालवण तालुक्यातील वराडचे, आई आयरिश. २०१७ मध्ये वयाच्या ३८ व्या वर्षी ते आयर्लंडचे पंतप्रधान झाले आणि २०१९ च्या अखेरीस वराडला येऊन गेले.

नमाज, रोजे आणि मशिदी

१९५९ मध्ये डब्लिनमधील मुस्लिम विद्यार्थ्यांनी संस्था काढली. १९७६ मध्ये एका घरात पहिली मशीद सुरू झाली. १९८३ मध्ये साऊथ सर्क्युलर रोडवरील जुने प्रेस्बिटेरियन चर्च विकत घेऊन तिथे डब्लिन मशीद आली. मुद्दाम मशीद म्हणून बांधलेली देशातील पहिली इमारत मात्र राजधानीत नाही. ती मेयो परगण्यातील बॅलीहॉनिस या छोट्या गावात, १९८७ ची. तिथल्या हलाल मांसाच्या कारखान्यामुळे त्या गावात मुस्लिम वस्ती वाढली होती.

दिवसाची लांबी मात्र आधी समजून घ्यावी. जूनमध्ये सूर्य पहाटे पाचला उगवतो आणि रात्री दहाच्या सुमारास मावळतो. डिसेंबरात चारनंतर लगेच अंधार पडतो. तेव्हा जोहर, असर आणि मगरिब तिन्ही नमाजा साधारण चार तासांत येतात. ड्युटीवर असताना हे सांभाळणे सोपे नाही. मशिदीचे वेळापत्रक जवळ ठेवावे आणि वॉर्डच्या प्रमुखांशी पहिल्या आठवड्यातच मोकळेपणाने बोलून घ्यावे.

३१ जुलै २०२० रोजी, कोरोनाच्या काळात, बकरी ईदची नमाज डब्लिनच्या क्रोक पार्क मैदानात झाली. अंतर राखून सुमारे दोनशे जण उभे होते. १९२० मध्ये याच मैदानात ब्रिटिशांच्या गोळीबारात १४ जणांचा बळी गेला होता. आयरिश माणसाला हे मैदान किती जवळचे आहे, हे त्यावरून कळते. तेच त्यांनी ईदसाठी उघडून दिले.

काळजीची बाजू

सारे गोडगोड सांगून मुलीला पाठवणे बरे नाही. २०२५ च्या उन्हाळ्यात डब्लिन परिसरात भारतीयांवर हल्ले झाले. १ ऑगस्टला भारतीय दूतावासाने सूचना काढली की सुरक्षिततेची काळजी घ्या, अवेळी निर्जन जागी जाऊ नका. तिथल्या राष्ट्राध्यक्षांनी या हल्ल्यांचा उघड निषेध केला. घरभाडे प्रचंड आणि घरे कमी, यातून काहींचा राग परक्यांवर निघतो. ज्यांचे पूर्वज स्वतः परदेशी आसरा शोधत गेले, त्यांच्यातही असे विसरणारे असतात. आपल्याकडे तरी बाहेरून आलेल्या मजुराला सगळेच कुठे जवळ करतात?

म्हणून मुलीला तीन गोष्टी सांगितल्या. राहण्याची सोय पक्की झाल्याशिवाय विमानात बसू नकोस. दूतावासाचा नंबर फोनमध्ये ठेव. आणि वॉर्डमधल्या एखाद्या आयरिश आजीला तिच्या घराण्यातले कोण कोण परदेशी गेले होते, ते विचार. बहुतेक घरांत कोणी ना कोणी गेलेलेच असते.

दादींनी शेवटी एवढेच विचारले, तिकडे इशा होईल तेव्हा इकडे किती वाजले असतील? हिवाळ्यात साडेपाच तासांचा फरक, उन्हाळ्यात साडेचार, असे मी सांगितले. त्यांनी नातीकडून दुसरे एक घड्याळ भिंतीवर लावून घेतले आणि त्यात डब्लिनची वेळ लावली. अल्लाह सर्वांच्या लेकरांना परमुलखात सलामत ठेवो.