स्फटिकाची सममिती आणि संगणकाचे गणित

एखादी रचना फिरवली, आरशात पाहिली किंवा ठरावीक अंतराने सरकवली तरी पहिल्यासारखीच दिसत असेल, तर तिच्यात सममिती असते. घन आणि द्रव पदार्थांचे गुणधर्म उलगडणाऱ्या संघनित पदार्थ भौतिकीचा हा एक पाया आहे.

अशी सममिती स्फटिकांत दिसते. पुणे जिल्ह्यातल्या कापूरहोळ परिसरातला काळा कातळ हा दख्खनचा बेसाल्ट. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थिजताना अशा खडकात वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळ्या राहिल्या आणि पुढे पाझरत्या पाण्यातून काही पोकळ्यांत स्फटिक वाढले. पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणींतले निळेभोर कॅव्हन्साइट त्यांपैकीच. स्फटिकात अणूंची एक छोटी पेटी, फरशीवरच्या नक्षीसारखी, तिन्ही दिशांना पुन्हापुन्हा मांडलेली असते. अशा मांडणीच्या सममितीचे २३०च प्रकार संभवतात, हे फेदोरोव्ह आणि शोनफ्लिस यांनी १८९१च्या सुमारास दाखवले.

कणभर स्फटिकातल्या प्रत्येक इलेक्ट्रॉनचे गणित मांडणे अशक्य. पण मांडणी पुनरावृत्त असल्याने एका पेटीचे गणित पुरते. १९६४-६५मध्ये वॉल्टर कोन आणि सहकाऱ्यांनी इलेक्ट्रॉनांच्या घनतेवरून हे गणित करण्याची रीत दिली. कोन यांना १९९८चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. फिरवण्या-उलटवण्याची सममिती श्रम आणखी वाचवते. सिलिकॉनमध्ये इलेक्ट्रॉन-तरंगांचे ८×८×८, म्हणजे ५१२ नमुना-बिंदू घेतले, तरी २९ बिंदूंचेच गणित करावे लागते. बाकीची उत्तरे सममितीने मिळतात.

सममिती ओळखण्याचे कामही संगणकच करतो. तो अणूंची मांडणी फिरवून मूळ मांडणीशी ताडून पाहतो. मोजमापात बारीक चूक असतेच; म्हणून किती फरक चालेल, हे आधी सांगावे लागते. मर्यादा फार कडक ठेवली तर खरी सममितीही निसटते.

या कामाला मोठी गणनशक्ती लागते. पुण्यात १९८८मध्ये सी-डॅक ही संगणन संस्था स्थापन झाली आणि १९९१मध्ये तिथे ‘परम ८०००’ हा महासंगणक तयार झाला. आज पुण्याच्या आयसर या विज्ञान संस्थेत ‘परम ब्रह्म’ हा महासंगणक आहे.

सममिती मोडते तिथे पदार्थाला नवा गुण येतो. बेरियम टायटेनेटची पेटी सुमारे १२० अंश सेल्सिअसच्या वर घनाकार असते. त्याखाली टायटेनियमचा अणू मध्यापासून सरकतो, पेटी एका दिशेने लांबते आणि धन-ऋण भारांचे मध्य वेगळे होतात. संगणकावर हा अणू किंचित हलवून ऊर्जा मोजतात. ऊर्जा घटली, तर सममित मांडणी टिकणारी नाही, हे प्रयोगाआधीच कळते. विद्युतभार साठवणाऱ्या कपॅसिटरसाठी नवे पदार्थ शोधताना हीच कसोटी उपयोगी पडते.