मेंढीच्या पोटातले चार कप्पे

रवंथ करणाऱ्या मेंढीचा कुणालाही हेवा वाटावा. पापण्या अर्धवट मिटलेल्या, जबडा संथ फिरतो आहे, जगाची फिकीर नाही! पण आत केवढी उलाढाल चाललेली असते, ते चाळीसगाव परिसरात जनावरांचा डॉक्टर म्हणून फिरताना मी कितीदा तरी पाहिले आहे.

घरी वजडी साफ करणाऱ्या गृहिणीला यातले निम्मे शास्त्र ठाऊकच असते. टर्किश टॉवेलसारखा खरखरीत तो पहिला कप्पा, सर्वांत मोठा. मधमाश्यांच्या पोळ्यासारखा दुसरा. वहीच्या पानांसारख्या घड्यांचा तिसरा. चौथा मऊ आणि बुळबुळीत. खरे जठर तेच. पाचकरस पाझरणाऱ्या ग्रंथी फक्त तिथे. पहिल्या तिघांचे अस्तर आपल्या कातडीच्या जातीचे, पेशींचे थरावर थर चढलेले. कोकराचे मात्र सगळे उलटे. जन्मतः त्याचा चौथा कप्पाच मोठा असतो आणि आईचे दूध एका पन्हळीतून थेट तिथे उतरते. चारा तोंडी लागला, की मग पहिला कप्पा वाढीस लागतो.

मोठ्या मेंढीच्या या पहिल्या कप्प्यात 10 ते 15 लिटर ऐवज सहज मावतो. तिथे असंख्य सूक्ष्मजीव काडीकडबा आंबवतात. त्यातून सुटणारी सौम्य आम्ले अस्तरावरच्या बारीक बोटांसारख्या अंकुरांतून रक्तात जातात आणि मेंढी त्यावर जगते. म्हणजे मेंढी पोसायची तर आधी हे सूक्ष्मजीव पोसायचे!

ते बिघडले की काय होते? पिके निघाली की शेतकरी खतासाठी रानात मेंढ्या बसवून घेतो. चारा मेंढ्यांना, लेंड्या शेताला; व्यवहार जुना आणि चोख. अशाच एका रानात एका रात्रीत सात मेंढ्या गेल्या. "डॉक्टरसाहेब, इख घातलं हो कोणीतरी!" म्हातारे धनगरबाबा कपाळ धरून बसले होते. शेतकरी शपथा घेत होता. शब्दाने शब्द वाढून प्रकरण पोलीस ठाण्याच्या वाटेला लागले होते.

मी पोट उघडले. आत मक्याचे दाणे खच्चून भरलेले, आंबूस वास, आणि निळा लिटमस कागद बुडवताच लालभडक. दाण्यातला स्टार्च झपाट्याने आंबतो, लॅक्टिक आम्ल साचते, अंकुर होरपळतात, रक्तातले पाणी पोटात ओढले जाते. जनावर आतल्या आत सुकून मरते. अस्तर पापुद्र्यासारखे सुटून येत होते. "हे बघा, जळालंय!" कुणीतरी ओरडले. पण मेल्यानंतर काही तासांनी धडधाकट मेंढीचेही अस्तर असेच सुटते. नुसत्या त्यावरून विषाचा निवाडा कधीच करू नये.

शेजारच्या खळ्यावर मक्याची रास उघडीच होती. रात्री वाघूर सुटली आणि कळप तिकडे वळला, एवढेच घडले होते. उरलेल्यांपैकी ज्यांची पोटे तट्ट झाली होती त्यांना खाण्याचा सोडा पाण्यातून पाजला, दाणा बंद करून वाळला चारा टाकला. आणखी दोन गेल्या. बाकीच्या तिसऱ्या दिवशी रवंथ करू लागल्या.