संत्र्याचा रंग गेला कुठे?

या रे पोरांनो, लॅपटॉप घडीभर बाजूला ठेवा. आंबिया बहाराची संत्री पिकलेली असताना, दिवस मावळायच्या वेळी आर्वीच्या बागेत कधी उभे राहिलात का? दुपारी डोळ्यांत भरणारं केशरी फळ आधी काळवंडतं, आणि त्याच्याभोवतीची हिरवी पानं मात्र बराच वेळ उजळ दिसत राहतात. झाड तेच, फळ तेच, बदलतो तो आपला डोळा. भर उजेडात शंकुपेशी रंग ओळखतात. उजेड ओसरला की दंडपेशी कामाला लागतात. त्यांना निळसर हिरवा प्रकाश चांगला जाणवतो, तांबडा-केशरी फारच कमी. यान पुर्किन्ये या चेक शास्त्रज्ञानं सुमारे दोनशे वर्षांपूर्वी हे टिपलं. किती साधी गोष्ट, पण बघायला नजर लागते!

आता तुमची तक्रार. बागेचा व्हिडिओ एडिटिंगमध्ये झकास दिसतो, एक्सपोर्ट करून दुसरीकडे लावला की संत्रं फिकं पडतं. मग तुम्ही लगेच ब्राइटनेस आणि सॅच्युरेशनचे स्लायडर ओढत सुटता. तिथंच चुकतं. फाइलमध्ये असतात फक्त आकडे, आणि ते बहुतेक वेळा शाबूत असतात. डोळ्यासारखाच घोळ होतो तो वाचण्यात.

आठ बिटांच्या व्हिडिओत हे आकडे 0 ते 255. कॉम्प्युटरच्या पडद्यासाठी 0 म्हणजे काळा, 255 म्हणजे पांढरा. टीव्हीच्या रिवाजात मात्र काळा 16 वर आणि पांढरा 235 वर, दोन्ही टोकांना थोडी जागा राखलेली. बाजारात संत्री क्रेटसकट तोलतात आणि क्रेटचं वजन वजा करतात ना, तसं पडद्यावर दाखवताना हे 16 वजा करून उरलेलं चित्र ताणून घ्यायचं असतं. वजा करायचं राहिलं तर काळा रंग करडा होतो आणि अख्ख्या चित्रावर धूर चढल्यासारखं दिसतं. दोनदा वजा झालं तर सावलीतली पानं एकजात काळी होतात, ढगांचा पोतही पांढऱ्यात बुडतो.

काळा आणि पांढरा दोन्ही जागेवर आहेत, पण मधलेच भाग उजळ किंवा गडद वाटतात? मग संशय गॅमावर घ्या, म्हणजे मधल्या छटा किती उजळ दाखवायच्या त्या नियमावर. एकाच फाइलचा गॅमा दोन प्लेअर वेगवेगळा धरतात. आणि करडा रंग अगदी बरोबर, पण केशरी आणि हिरवा सरकलेले? तर रंगांचं आकड्यांत रूपांतर करणारी जुन्या टीव्हीचं 601 आणि एचडीचं 709 ही दोन सूत्रं एकमेकांत मिसळली आहेत. हिरव्याला पहिल्या सूत्रात 0.587 वजन, दुसऱ्यात 0.7152. दोन्हींत तिन्ही रंगांच्या वजनांची बेरीज 1 च येते, म्हणून करडा हलत नाही. ही खूण मला फार आवडते, कारण चूक स्वतःच आपला पत्ता सांगते.

ही धडपड आजची नाही. कोल्हापूरच्या ‘प्रभात’ फिल्म कंपनीनं 1933 साली ‘सैरंध्री’ हा सिनेमा रंगीत करायचं धाडस केलं. दिग्दर्शक व्ही. शांताराम. रंगाचं काम जर्मनीत झालं, आणि रंग मनासारखे उतरले नाहीत. चित्रण एकीकडे, प्रयोगशाळा सातासमुद्रापार, मधे तपासायला काहीच नाही. तुमच्याजवळ तर घरबसल्या वेव्हफॉर्म आहे, चित्रातल्या उजेडाचे आकडे दाखवणारा आलेख.

तेव्हा असं करा. सॉफ्टवेअरमध्ये काळा, करडा, पांढरा आणि केशरी असे चार पट्टे बनवा. नेहमीच्याच सेटिंगनं एक्सपोर्ट करा, ती फाइल परत टाइमलाइनवर आणा आणि वेव्हफॉर्मवर मूळ पट्ट्यांशी ताडून बघा. आकडे जुळले, तर फाइल बहुधा ठीक आहे आणि दोष प्लेअरचा किंवा पडद्याचा. फोनचा नाइट मोड आणि आपोआप बदलणारा ब्राइटनेस आधी बंद करा. फोननं एचडीआरमध्ये, म्हणजे उजेडाच्या मोठ्या पल्ल्यात, चित्रण केलं असेल, तर साध्या टाइमलाइनवर ते विचित्र दिसणारच. तिथं आधी त्याचं रूपांतर करून घ्या.

आणि अंधाऱ्या खोलीत बसून रंग ठरवू नका, खोलीत मंद, एकसारखा उजेड असू द्या. हे सगळं तपासून झालं की मग खुशाल स्लायडरला हात लावा.